जुन्या फार्गो पिकअपची सीट: स्प्रिंगा ठेवू की सरळ फोम टाकू?

फार्गोवाला_सांगली

नमस्कार मंडळी, आमच्याकडे १९५२ ची फार्गो पिकअप आहे, पूर्वी गुळाच्या ढेपा यार्डात न्यायला होती, नंतर बरीच वर्षं शेडमध्ये उभी. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं होऊन आता गाडी चालती झालीय, केबिनचा पत्रा पण झाला, आता सीटवर येऊन थांबलोय.

सीट म्हणजे एकच सलग बेंच, तिघं बसतात, खालची गादी वेगळी आणि पाठ वेगळी. वरचं रेक्झिन मागे कधीतरी बदललेलं दिसतंय, पण त्याखाली अजून एक जुनं कव्हर आहे, ते बहुतेक मूळचं असावं. ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजव्या कडेला, जिथून चढता उतरता तिथे गादी पार खचलीय, एक स्प्रिंग वर येऊन रेक्झिन फाडून बाहेर डोकावतीय, आणि खालून काथ्या आणि कापूस असं काहीतरी गळतंय. उंदरांनी घर केलेलं होतं आत, वास अजून जात नाही.

इथल्या एका कुशनवाल्याला दाखवली तर तो म्हणाला स्प्रिंगा भंगारात द्या, प्लायवूड टाकतो, वर सहा इंची फोम, दोन दिवसात देतो. स्वस्तात होतंय आणि माणूस कामाला चांगला आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीचं बाकी सगळं मूळचं जपलंय, वायपरची मोटर सुद्धा दुरुस्त करून तीच लावली, मग सीटच तेवढी अशी करायची हे मनाला पटत नाहीये.

तर विचारायचं असं की स्प्रिंगा ठेवून करता येतं का, त्याला काय काय लागतं, आणि फोम घातलाच तर कुठला. कोणी असं काम केलं असेल तर सविस्तर सांगा, घाई अजिबात नाही.

कुशनकाम_कोल्हापूर

दादा, स्प्रिंगा अजिबात टाकू नका. आमचं घरचंच काम आहे हे, वडिलांपासून, ट्रक आणि जीपच्या सीटा करत आलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

त्या काळच्या सीटमध्ये तीन थर असतात आणि तिघांचं काम वेगवेगळं आहे. सगळ्यात खाली लोखंडी फ्रेम आणि स्प्रिंगा, खड्ड्यातला दणका त्या घेतात. त्यावर गोणपाट, त्याचं काम म्हणजे वरचा कापूस स्प्रिंगांच्या वेटोळ्यात घुसू न देणं आणि वजन सगळ्या स्प्रिंगांवर पसरवणं. मग काथ्या आणि कापूस, तो फक्त अंगाला मऊ लागायला. १९५२ च्या गाडीत आजचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम असणारच नाही, तो बाजारात आला नंतर. आता होतं काय, पहिलं कुजतं ते गोणपाट. ते गेलं की कापूस खाली घुसतो, स्प्रिंगांची टोकं वर यायला लागतात, एकेका स्प्रिंगवर एकट्यावर वजन पडतं आणि मग ती मोडते. म्हणजे लोक म्हणतात स्प्रिंगा खराब झाल्या पण दहातल्या आठ वेळा स्प्रिंगा ठणठणीत असतात, मधला थर मेलेला असतो.

प्लायवूड टाकून फोम केला की दणका घ्यायला फक्त फोम उरतो. तुमच्या गाडीला पुढे मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत, रिकामी पिकअप असली की ती उसळतेच, मग सगळा मार कमरेला. आणि दुसरं, सहा इंची फोम प्लायवूडवर घातला की बसायची उंची बदलते. त्या गाडीचं स्टिअरिंग केवढं मोठं आहे बघा, मांडी खाली अडकायला लागली की क्लच दाबणं मुश्किल होईल.

आता करायचं कसं ते सांगतो.

आधी सीट बाहेर काढा, नटबोल्टना आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा, खाली सरकपट्टीचे बोल्ट बहुतेक जाम असतील, हाणामारी करू नका, केबिनचा तळपत्रा फाटतो. बाहेर काढली की उघडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग उघडतानाही प्रत्येक थराचे फोटो. कव्हर फ्रेमला छोट्या लोखंडी रिंगांनी आवळलेलं असेल, आम्ही त्यांना सी रिंगा म्हणतो, त्या साइड कटरने कापायच्या, ओढायच्या नाहीत. कव्हरच्या कडेला नेफा शिवलेला असतो आणि त्यातून तार गेलेली असते, ती तार वाकडी झाली असली तरी जपून ठेवा, सरळ करून परत तीच वापरायची, कव्हर सगळीकडे सारखं ताणलं जातं ते त्या तारेमुळेच.

आणि ते खालचं मूळ कव्हर, ते कितीही फाटलेलं असू दे, कुजलेलं असू दे, टाकू नका म्हणजे नका!! तोच तुमचा नमुना. शिलाई उसवून एकेक तुकडा वेगळा करा, प्रत्येकावर खडूने लिहा, पाठ डावी, गादी समोर, वरची बाजू कुठली, आणि दोन तुकडे जिथे जुळत होते तिथे समोरासमोर खुणा करा. नवीन कापड त्यावरूनच कापायचं. रंग शोधायचा असेल तर त्याच कव्हरची फ्रेमखाली दुमडलेली पट्टी उलगडून बघा, तिथे ऊन कधी लागलेलं नसतं, खरा रंग तिथे सापडतो.

एक महत्त्वाचं राहिलं. उंदीर होते म्हणालात. मास्क, हातमोजे घालून उघड्यावर काम करा, आणि आतला कचरा कोरडा झाडू नका, आधी फिनेल किंवा ब्लीचचं पाणी मारून भिजू द्या मग पिशवीत भरा. उंदराच्या मुतापासून लेप्टो होतो, आपल्याकडे पावसाळ्यात किती जण आजारी पडतात माहितीये. जुना कापूस आणि काथ्या सगळा जाळून टाका किंवा पुरा, त्यातलं काही परत वापरू नका.

रोजचीगाडी_नाशिक

मी जरा वेगळं सांगतो. माझ्याकडे जुनी महिंद्रा जीप आहे, रोज शेतावर जाते, तिच्या सीटला मी फोमच केलाय आणि मला काही त्रास नाही. स्प्रिंगांचं काम करणारे कारागीर आता आहेतच किती, आणि जे आहेत ते सीझनमध्ये तीन तीन महिने लटकवतात. पावसात भिजली तर कापूस वाळता वाळत नाही, गोणपाटाला बुरशी धरते, फोम निदान दोन दिवसात सुकतो. गाडी चालवायची असेल तर व्यवहार बघावा असं माझं प्रामाणिक मत. फक्त फोम चांगला घ्या, स्वस्तातला वर्षात बसतो.

कुशनकाम_कोल्हापूर

नाशिककर, तुमचं पावसाचं म्हणणं एकदम बरोबर, उघड्या जीपला मी पण कापूस घालत नाही. पण यांची गाडी बंद केबिनची आहे, आणि फोम नकोच असं माझंही म्हणणं नाही. स्प्रिंगांच्या वर, गोणपाटाच्या वर, कापसाच्या जागी फोम घाला की, कोण नाही म्हणतंय. स्प्रिंगांच्या ऐवजी घालू नका एवढंच. दोन्हीचा फायदा मिळतो आणि पुढेमागे कुणाला कापसाचं मूळ काम करायचं झालं तर आतला सांगाडा शाबूत राहतो. प्लायवूडसाठी एकदा फ्रेमला भोकं पाडली, स्प्रिंगा भंगारात गेल्या, की तसल्या परत कुठून आणायच्या? फार्गोच्या सीटा कुर्ल्याच्या भंगार बाजारात सापडत नाहीत आता.

फोमचं बोलायचं तर खालच्या गादीला चाळीस डेन्सिटी, पाठीला बत्तीस चालतो. दुकानदार कडक आहे म्हणून हलका माल पुढे करतो, पण कडक असणं आणि डेन्सिटी असणं वेगळं, कमी डेन्सिटीचा फोमसुद्धा कडक बनवता येतो आणि तोच लवकर बसतो. वजनावर घ्या, एक घनमीटर फोमचं वजन किती किलो तो आकडा म्हणजे डेन्सिटी. तुकडा कापून घरच्या काट्यावर तोलला की खरंखोटं कळतं.

ह्यूस्टनकर

इथे टेक्सासमध्ये माझ्याकडे १९७० ची शेव्हरोले सी-१० आहे, तिची बेंच सीट मी घरीच केली म्हणून लिहितोय. फार्गोची फ्रेम वेगळी असेल पण काम तेच.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची. सी-१० च्या १९६७ ते १९७२ च्या गाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते, त्याच काळातल्या फोर्ड एफ-१०० मध्ये पण तसंच. म्हणजे सीट काढली की समोर टाकी. त्यामुळे इथे जुने लोक सगळ्यात आधी हेच सांगतात की केबिनमध्ये ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालवू नका, आणि सीट बाहेर आलीच आहे तर टाकीचे रबरी पाइप, तोंडाजवळचं रबर, फ्लोटचं गॅस्केट सगळं बदलून घ्या कारण परत तिथे हात पोचायला परत सीट काढावी लागते. तुमच्या फार्गोची टाकी कुठे आहे ते बघा, पण सीट बाहेर असताना तिच्या मागचं आणि खालचं सगळं बघून घ्यायचं हे कुठल्याही गाडीला लागू आहे. तळपत्रा, वायरिंग, हँडब्रेकची केबल.

इथे शेव्हरोलेसाठी तयार शिवलेली कव्हरं, साच्यात ओतलेला फोम, रिंगा, पक्कड असा पूर्ण संच घरपोच मिळतो. डॉजच्या १९४८ ते १९५३ च्या गाड्यांसाठी, ज्यांना पायलट हाउस केबिन म्हणतात, तेवढी चंगळ नाही. आणि तुमची फार्गो म्हणजे बिल्ला बदललेली डॉजच, क्रायस्लर कंपनी दोन्ही नावांनी विकायची. भारतात त्या कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जोडल्या जायच्या, वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली कंपनी. म्हणून शोधताना फार्गो असं शोधू नका, डॉज बी सिरीज (म्हणजे त्याच १९४८ ते १९५३ च्या गाड्या) असं शोधा, सीटचे फोटो, जुनी माहितीपत्रकं बरीच सापडतील, पट्ट्या उभ्या होत्या की साध्या, पायपिंग, म्हणजे शिवणीवरची दोरी भरलेली गोट, कुठे होतं हे त्यावरून कळेल. तरी भारतात जोडलेल्या गाडीला सीटचं कापड तिथलंच लागलं असण्याची शक्यता आहे, त्यामुळे अमेरिकेच्या फोटोपेक्षा तुमच्या हातातल्या जुन्या कव्हरवर जास्त विश्वास ठेवा.

दुसरं, जाडीचं. किती फोम घालू हा प्रश्न पडतो कारण ड्रायव्हरची बाजू खचलेली असते, तिथलं माप खोटं. पण बेंच सीटचा मधला भाग, जिथे तिसरा माणूस कधीतरीच बसतो, तो बहुतेक मूळच्या उंचीला असतो. उघडायच्या आधी तिथलं माप घ्या, फ्रेमच्या खालच्या काठापासून वरच्या शिलाईपर्यंत, पुढे, मधे आणि मागे. तीच तुमची उंची. मी तसंच केलं आणि आरशात बघायला मान वाकवावी लागत नाही.

तिसरं, सीट बेल्ट. १९५२ च्या गाडीत ते नसणारच. बसवायचे मनात असेल तर आत्ताच बसवा, सीट बाहेर असताना. पण बेल्टचा बोल्ट कधीही सीटच्या फ्रेमला नको, तळपत्र्यातून चासीला किंवा निदान खाली जाड पोलादी पट्टी देऊन.

फार्गोवाला_सांगली

वा, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. या रविवारी मी आणि माझा पुतण्या दोघांनी मिळून सीट उघडली, मास्क लावून, ब्लीचचं पाणी मारून. कोल्हापूरकर म्हणाले तेच निघालं, गोणपाटाचा नुसता भुगा झालेला, हात लावला की पडतंय, पण स्प्रिंगा बऱ्यापैकी आहेत. खालच्या गादीत गोल वेटोळ्याच्या, पाठीला नागमोडी. वेटोळ्याच्या दोन मोडल्यात, दोन्ही उजव्या कडेच्या, आणि पाठीची एक नागमोडी शेवटच्या वळणाला तुटलीय, फ्रेमच्या हुकाजवळ. कडेची जाड तार पण एका कोपऱ्यात तुटलीय.

मूळ कव्हरची दुमडलेली पट्टी उलगडली तर आतून गडद तपकिरी रंग निघाला, वरून तो पार मातकट झाला होता. पाठीवर उभ्या पट्ट्या आहेत, गादी साधी, कडेने पायपिंग.

आता प्रश्न. एक, मोडलेली स्प्रिंग वेल्डिंग करून चालेल का, आमच्या शेजारीच फॅब्रिकेशनवाला आहे. दोन, शिवायचं काम घरच्या मशीनवर होईल का, बायको शिवते चांगलं, तिची इच्छा पण आहे, पण मशीन साधी आहे. तीन, गडद तपकिरी रंग सांगलीच्या एप्रिलमध्ये भाजणार का?

कुशनकाम_कोल्हापूर

वेल्डिंग नको दादा. स्प्रिंगची तार पाणी दिलेली, म्हणजे तापवून कडक केलेली असते, वेल्डिंगच्या आचेने तेवढ्या भागातलं पाणी उतरतं, मग जोड टिकतो पण जोडाच्या बाजूला अर्ध्या इंचावर परत मोडते, आणि ती मोडलेली धार थेट वर फोममध्ये घुसते. फॅब्रिकेशनवाल्याला फ्रेमचं काम द्या, फ्रेमच्या पट्टीला भेग असेल तर तो बिनधास्त वेल्ड करू दे, फक्त स्प्रिंगा त्याआधी काढून घ्या.

नागमोडी स्प्रिंग नवीन मिळते, सोफा बनवणाऱ्यांच्या मालाच्या दुकानात गुंडाळीने मिळते. जुन्या तारेची जाडी व्हर्नियरने मोजा आणि तेवढ्याच जाडीची घ्या, बारीक घेतली तर तेवढीच पट्टी खचेल, जाड घेतली तर पाठीला टोचेल. लावताना तिचा बाक माणसाच्या बाजूला यायला पाहिजे, उलटी लावली तर आत खड्डा होतो. हुकात जिथे अडकते तिथे चामड्याची नाहीतर जाड कॅनव्हासची छोटी घडी घाला, नुसतं लोखंडावर लोखंड ठेवलं की प्रत्येक खड्ड्याला करकर ऐकत बसाल.

वेटोळ्याच्या दोनच मोडल्यात ना, मग कुठे जायला नको. डावीकडच्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन काढून उजव्या पुढच्या कडेला लावा, तिथे सगळ्यात जास्त मार असतो. आणि मोडक्या दोन घेऊन आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात या, तिथे स्प्रिंगा वळून देणारे आहेत, नमुना दाखवला की तशीच वळून मिळते, त्या डावीकडे मागे टाका जिथे भार कमी. कडेची तार मात्र नवीन, पूर्ण वळशाची, एका तुकड्यात. जोड द्यावाच लागला तर सरळ भागात द्या, कोपऱ्यात नको, दोन्ही टोकं चार बोटं एकमेकांवर घेऊन वरून बारीक तारेने घट्ट गुंडाळायची किंवा पत्र्याची क्लिप दाबायची.

गंज तारेच्या ब्रशने खरवडा, स्प्रिंगा वेटोळ्याच्या आतून पण, मग गंज मारायचं केमिकल, फॉस्फोरिक ॲसिडवालं, ते धुऊन नीट वाळवून रेड ऑक्साइड आणि वर काळा रंग, पातळ हात. जाड रंग वेटोळ्यावर टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

मग त्यावर नवीन गोणपाट, दाट विणीचं, साखरेच्या पोत्याचं चालेल पण स्वच्छ धुतलेलं. मी आजकाल गोणपाटावर अजून एक थर जाड कॅनव्हासचा देतो, टिकतो. ते कडेच्या तारेला सुतळीने शिवून घ्या, ढिलं ठेवू नका आणि ढोलकीसारखं ताणू पण नका, माणूस बसला की स्प्रिंगा दबायला जागा पाहिजे. त्यावर फोम. फोम खाली कॅनव्हासला चिकटवायला रबरी सोल्युशन, ते एसआर जातीचं मिळतं, सुतारकामाचं पांढरं नको, ते फोममध्ये वाळून टणक होतं. खिडक्या उघड्या ठेवून आणि विडीकाडी लांब ठेवून.

सुईदोरा_ठाणे

दादा तुमच्या मिसेसचं कौतुक वाटलं म्हणून खास उत्तर देतेय, मी बॅगा आणि सीट कव्हर शिवते, घरूनच.

साध्या मशीनवर रेक्झिनचे दोन थर जातात पण पायपिंगच्या जागी चार थर आणि मधे दोरी येते, तिथे मशीन अडते, सुई वाकते आणि टाका चुकतो. दुसरी अडचण म्हणजे साधी मशीन कापड फक्त खालच्या दात्यांनी ओढते, रेक्झिनचा वरचा थर पायाला चिकटून मागे राहतो, मग लांब शिवणीत खालचा तुकडा पुढे सरकतो आणि शेवटी एक इंच जुळत नाही. म्हणून या कामाला वॉकिंग फूटची मशीन लागते, वरचा पाय पण कापडाबरोबर चालतो. विकत घ्यायची गरज नाही, बॅगा किंवा गाडीची कव्हरं शिवणाऱ्या कुणाकडे तरी असतेच, एक दिवस तिथे बसून शिवू द्या म्हणून विचारा. कापणं, खुणा करणं, पट्ट्यांना पातळ फोम लावून घेणं, पायपिंगची पट्टी तयार करणं हे सगळं वहिनी घरी करू शकतात आणि खरं कौशल्य तिथेच आहे.

टाका मोठा ठेवायचा, चार ते पाच मिलिमीटर. आपल्याला ब्लाउज शिवून बारीक टाक्याची सवय असते, पण रेक्झिनला बारीक टाका म्हणजे ओळीने पाडलेली भोकं, ताण आला की तिथूनच फाटतं. एकदा पाडलेलं भोक बुजत नाही, म्हणून टाचण्या पण लावायच्या नाहीत, कडेला क्लिपा लावा, नाहीतर कपडे वाळत घालायचे चिमटे लावले तरी चालतात. दोरा सुती अजिबात नको, कुजतो. बाँडेड पॉलिएस्टरचा घ्या, उन्हाला तो नायलॉनपेक्षा टिकतो. सुई अठरा नंबर, पायपिंगला एकोणीस किंवा वीस.

जुन्या तुकड्यांवरून कापताना एक लक्षात ठेवा, जुनं कापड वर्षानुवर्षं ताणलेलं असतं, माणूस बसतो तिथे ते फुगलेलं असतं, जसंच्या तसं कापलं तर नवीन कव्हर ढगळ होईल. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूचा तुकडा वापरू नका, कमी वापरलेल्या बाजूचा तुकडा घ्या आणि तो उलटा करून दुसऱ्या बाजूला वापरा. आधी जुन्या चादरीचं एक कव्हर शिवून फ्रेमवर घालून बघा आणि मग रेक्झिनला कात्री लावा. शिलाईला अर्धा इंच ठेवा, पाठीच्या उभ्या पट्ट्यांना मात्र रुंदीत जास्तीचं कापड लागतं, प्रत्येक पट्टी फुगवट्यात थोडं खाते, आधी दोन पट्ट्या नमुन्याला शिवून मोजा आणि मग गुणाकार करा.

उन्हाचं म्हणाल तर गडद रंग तापणारच. पण तपकिरी रंग मूळचा आहे आणि तुम्ही एवढं सगळं मूळचं जपताय तर मी तोच ठेवेन, उन्हात गाडी उभी करताना वरून सुती चादर टाका. रेक्झिन घेताना मागचं अस्तर बघा, विणलेलं थोडं ताणलं जाणारं अस्तर असेल तर कोपरे छान बसतात.

आरसीबुक_पुणे

सीटबद्दल सगळं झालंय, मी फक्त कागदाचं सांगतो कारण मूळपणाचा विषय निघाला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी, वैयक्तिक वापराच्या, आणि चासी, बॉडी, इंजिन यांच्यात मोठे फेरबदल न केलेल्या. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. नंबरमध्ये व्हीए ही अक्षरं येतात. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि मी असतो तर जुना मुंबई राज्याचा नंबर कधीही सोडला नसता.

सीटचं कव्हर, फोम, स्प्रिंग बदलणं हे त्या फेरबदलात येत नाही त्यामुळे त्याची काळजी नको. पण दोन गोष्टी बघा. तुमची गाडी पिकअप आहे, आरसी पुस्तकात ती मालवाहू म्हणून असेल तर आरटीओमध्ये आधी तेवढं विचारून घ्या, कारण नियम बिगर-व्यावसायिक गाड्यांसाठी आहे. आणि विंटेज नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. गाडी अधूनमधून शेतावर न्यायचा विचार असेल तर आधी हे ठरवा.

फार्गोवाला_सांगली

आरसीवर मालवाहूच आहे, सोमवारी आरटीओत जाऊन विचारतो. ठाण्याच्या ताईंचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, ती लगेच चादर शोधायला गेली. मिरजेला एक बॅगवाले ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे ती वॉकिंग फूटची मशीन आहे, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा शिवा म्हणालेत.

शेवटचा प्रश्न, कव्हर चढवताना सुरकुत्या कशा टाळायच्या? पाठ सोपी वाटतेय पण गादीचे पुढचे दोन कोपरे गोल आहेत.

कुशनकाम_कोल्हापूर

कव्हर चढवायच्या आधी तासभर उन्हात काळ्या प्लास्टिकवर पसरून ठेवा, रेक्झिन नरम पडतं, सांगलीत हीटगनची गरजच नाही. फोमवर पातळ प्लास्टिकचा कागद टाका म्हणजे कव्हर सरकतं, नाहीतर फोम रेक्झिनला धरून ठेवतो आणि शिलाई वाकडी बसते. सगळं जागेवर आलं की तो कागद ओढून काढायचा.

पहिली रिंग पुढच्या कडेला बरोबर मधोमध, दुसरी मागे मधोमध, मग डावी उजवी, आणि मग मधून कोपऱ्यांकडे जायचं, एकदा इकडे एकदा तिकडे. कोपऱ्याकडून सुरुवात केली तर सगळं जास्तीचं कापड मधे जमा होतं आणि तिथे काही करता येत नाही. रिंगा चार बोटांच्या अंतरावर, पकडीला खाच असलेली पक्कड घ्या, साध्या पकडीतून रिंग निसटते आणि बोट फुटतं. आधी सगळ्या रिंगा अर्ध्याच दाबा, उभं राहून लांबून बघा, पायपिंग सरळ दिसतंय का, मग पूर्ण दाबा. गोल कोपऱ्यात शिलाईच्या आतल्या बाजूला रेक्झिनला बारीक कात्रे द्या, शिलाईपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं, आणि कोपऱ्यात फोमवर थोडा कापूस जादा ठेवा, तो पोकळी भरून काढतो. बारीक सुरकुती राहिली तर सोडून द्या, दोन दुपारी उन्हात गाडी उभी राहिली की निम्म्या जातात.

स्प्रिंगा वळून घ्यायला याल तेव्हा पाठीची फ्रेम पण घेऊन या, नागमोडी स्प्रिंग इथेच बसवून देतो, त्याला दोन माणसं लागतात आणि हुकात घालताना सुटली तर तोंडावर येते.

फार्गोवाला_सांगली

येत्या शनिवारी येतो फ्रेम घेऊन, सकाळी लवकर निघू. उद्यमनगरात कुठल्या बाजूने यायचं तेवढं मेसेजमध्ये कळवा.